विकतचे पदर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला लागून आमचे बिऱ्हाड आहे असे सांगितले, की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे गालिचे आणि झुंबरे उभी राहतात. येऊन पाहतात तो ओतकामाचे आणि कापडाचे कारखाने, महामार्गावरून बेंगळूरूकडे धावणाऱ्या मालमोटारी आणि पाळी सुटल्यावर उसळणारी दुचाकींची गर्दी! हे तारे औद्योगिक वसाहतीच्या दर्जाचे. खाण्यापिण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण गेल्या काही दिवाळ्यांत इथल्या फराळाच्या ताटात करंजीच्या शेजारी एक नवी पाहुणी येऊन बसू लागली आहे. फळे घालून भाजलेली, खारीसारखी फुललेली पेस्ट्री. आणि तीही दुकानातून आणलेल्या तयार पानांची.

या पानांना इंग्रजीत 'पफ' म्हणतात. मराठीचा मास्तर म्हणून कोणी मला प्रतिशब्द विचारला, तर मी फार वेळ घेणार नाही. पदर, पापुद्रा, घडी, थर असे शब्द ज्या भाषेने पोसले, तिला हा पदार्थ परका कसा? आपले चिरोटे दुसरे काय आहेत? पोळीवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा. मग वळकटी करून कापायचे, लाटायचे आणि तळायचे. पफमध्ये साट्याच्या जागी लोण्याची अखंड लादी असते. कणकेत ती गुंडाळून लाटायची, तिपेडी घडी घालायची, गार करायची, पुन्हा लाटायची. असे सहा वेळा केले की लोण्याचे थर होतात ७२९! भट्टीत गेल्यावर कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर उचलून धरते. बेकरीतली खारी ही याच कुळातली. मात्र प्रत्येक घडीनंतर पीठ थंड व्हायला ठेवावे लागते, म्हणून घरी करायचे तर अर्धा दिवस मोडतो.

आणि अर्धा दिवस आणायचा कोठून? आमच्या शेजारच्या सूनबाई एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर आहेत. दुपारच्या पाळीला गेल्या की घरी यायला रात्रीचे साडेअकरा. गेल्या दिवाळीत त्यांनी या पानांचे पुडके बर्फाच्या कप्प्यात मटारांच्या पिशवीमागे दडवून ठेवले होते, जणू चोरीचा माल! पाडव्याला पेस्ट्री ताटात आली. सासूबाईंनी एक तुकडा मोडला, नखाने पदर उलगडून पाहिले आणि विचारले, "अगं, एवढा साटा लावलास केव्हा?"

"मी नाही लावला, आई. यंत्रानं लावलाय."

"हात हलका आहे हो त्याचा!" म्हणून त्यांनी दुसरी उचलली.

मला वाईट वाटले ते त्या दडवण्याचे. आपण जुन्या फराळाची आठवण काढतो तेव्हा पदार्थ आठवतात, हात आठवत नाहीत. चिरोट्यांना वाड्यातल्या चारजणी बसत. एक लाटी, एक साटा फासी, एक तळी, चौथी पोरांना हाकली. त्या चौघींचे काम आज एकीकडून, तेही पाळी करून आल्यावर, मागायचे आणि तिने पुडके आणले की 'विकतचे' म्हणून नाक मुरडायचे, हा कोठला न्याय? नानकटाईसाठी पीठ, तूप, साखर डब्यांतून बेकरीवाल्याकडे नेत असत. मळणे त्याचे, भट्टीही त्याची. तिला कोणी विकतची म्हटले नाही. (पुरुषमंडळींना 'पदर तुम्ही सोडवलेत का?' असे कोणी विचारल्याचे तर ऐकिवातच नाही.)

विकतच्या पानांत डोळे मिटून घेण्यासारखे मात्र काही नाही. पुडक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळदा आत लोणी नसून वनस्पती किंवा मार्गारिन असते. ट्रान्स फॅटचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणले आहे, हे चांगले झाले. तरी हे खाणे जडच. माणशी एक पुरे.

शिवाय यंत्र पदर देते, पण फळांची जाण देत नाही. कोल्हापुराहून पाने आणायची म्हणजे वीसेक किलोमीटरची ऑक्टोबरातली वाट. वर्तमानपत्रात गुंडाळून थंड दुधाच्या पिशव्यांत ठेवावीत, कारण लोणी एकदा वितळले की पदर एकमेकांत मुरतात आणि मग कोणतीही भट्टी ते सोडवू शकत नाही. सीताफळाचा मोसम असला तरी त्याला हात लावू नये. तापवले की त्याची चव बिघडते. सफरचंद उत्तम. पेरू त्याहून उत्तम, बिया तेवढ्या काढाव्यात. पातळ फोडी चमचाभर तुपावर कोल्हापुरी गूळ आणि वेलदोडा घालून रस आटेपर्यंत परताव्यात आणि पूर्ण निवू द्याव्यात. हे निवणे फार महत्त्वाचे. पानाच्या चौकोनावर आधी भाजलेला रवा भुरभुरावा, म्हणजे उरलासुरला रस तो पिऊन टाकतो आणि तळ ओला राहत नाही. कडेला अर्धा इंच जागा सोडावी. वरून दुधाचा हात फिरवावा, पण कापलेल्या कडेला दूध लागू देऊ नये. पदर तिथेच चिकटतात आणि पेस्ट्री एका अंगाने लंगडी फुगते. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटे. पहिली पंधरा मिनिटे दार उघडून डोकावू नये, पोरांनाही डोकावू देऊ नये.

कापून उरलेल्या पट्ट्यांचा गोळा करू नये. त्या एकावर एक ठेवून हलकेच लाटाव्यात, साखर पेरून भाजाव्यात. आमच्याकडे त्या ताटापर्यंत पोचतच नाहीत. चहाबरोबर उभ्या उभ्याच संपतात.