मोजता येईल असा नमुना

तुळशीचे लग्न लागले की घरोघरच्या खऱ्या लग्नांची गडबड सुरू होते, आणि मग रुखवताची आठवण येते. हल्ली रुखवतात विकत आणलेल्या वस्तूंचीच दाटी फार! तरी त्यात फुलीच्या टाक्याने भरलेला एखादा रुमाल असला, की व्याहीमंडळींतली एखादी जाणती बाई तो हळूच उलटा करून मागची बाजू पाहतेच पाहते. तेव्हा भगिनींनो, या दिवाळीला नवा नमुना देण्याऐवजी नमुना कसा काढावा, हेच सांगावे म्हणते.

फुलीच्या टाक्यात कापडावर चित्र उमटवलेले नसते. कागदावर चौकटी असतात. एक चौकट म्हणजे एक फुली, आणि ती मोजून मॅटीवर उतरवायची. ठिपक्यांच्या रांगोळीला ‘१५ ते ८’ एवढे सांगितले की आपल्या बायकांना पुढचे काही सांगावे लागत नाही, तशातलाच हा प्रकार. जर्मनीत १५२०च्या दशकातच भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तके छापली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकले जाऊ लागले. आपल्या सीमाभागातल्या कसुतीला मात्र कागद कधी लागलाच नाही. तिचा ‘मेंथी’ टाका म्हणजे आपली फुलीच. नाव मेथीवरून आलेले. कापडाचे धागे मोजायचे आणि नमुना डोक्यात ठेवायचा! एवढी स्मरणशक्ती आपल्यापाशी कुठली?

यंदा श्रावणात अंथुर्ण्याला जाणे झाले. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे हे उसाच्या पट्ट्यातले गाव. तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. तिथे आमच्या ह्यांच्या आत्याबाई राहतात. नातीच्या रुखवतासाठी त्यांनी मोर भरायला घेतला होता. नातवाने मोबाईलवरच्या फोटोवरून संगणकाकडून नमुना काढून आणला होता. रंग किती, तर ४२! त्यांतले ११ हिरवे. तीन रात्री उसवून झाल्या होत्या.

“सूनबाई, आता हात थांबवावा म्हणते. डोळे गेले माझे,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढलेला, आणि डॉक्टरांनी दृष्टी चांगली असल्याचे सांगितलेले. मी म्हटले, “आत्याबाई, डोळे शाबूत आहेत तुमचे. हा कागदच आंधळा आहे.”

संगणकाला फोटोतली प्रत्येक छटा खरी वाटते. एका हिरव्याच्या मध्येच दुसऱ्या हिरव्याची एकच फुली, तिच्या शेजारी तिसऱ्याची. त्या एका फुलीसाठी सुई ओवायची, भरायचे, दोरा तोडायचा. आणि दोन हात अंतरावरून ती कुणाला दिसणारही नाही. मी आलेखाची वही मागवली. आत्याबाईंच्या ट्रंकेत एक जुने इरकली लुगडे होते. त्याच्या पदरावरच्या कसुतीच्या मोराची ठेवण समोर ठेवली आणि नव्याने मोर काढला. रंग ९ केले. एकट्या पडलेल्या फुल्या शेजारणींत मिळवून टाकल्या. मोर ८४ घरे रुंद, ७० घरे उंच झाला. म्हणजे इंचाला १४ घरांच्या मॅटीवर बरोबर ६ इंच आणि ५ इंच. इंचाला ११ घरांची मॅटी घेतली, तर तोच साडेसात इंचांच्या पुढे जातो. हा भागाकार कापड फाडण्यापूर्वीच करावा!

दर दहा घरांनंतर ठळक रेघ ओढली. तिच्यावाचून मोजणारीला प्रत्येक वेळी कडेपासून सुरुवात करावी लागते, आणि मध्येच दूध उतू गेले की संपलेच. चारही कडांवर मध्याची खूण केली, कारण भरायला सुरुवात मध्यापासून करायची असते. जमिनीचा पांढरा भाग अगदी कोरा ठेवला.

खरी गंमत खुणांची. नुसत्या रंगांवर भिस्त ठेवू नये. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली निळा-हिरवा एकच होतो, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत तर रंग उरतच नाही. म्हणून प्रत्येक रंगाला एक खूण हवी. पहिल्यांदा मनात येतात ती अक्षरे. पण आपल्या अक्षरांची शिरोरेखा चौकटीच्या वरच्या रेघेत मिसळते, आणि मग घ-ध, भ-म, प-ष एकमेकांची सोंगे घेऊ लागतात. बारीक अंकांत १ आणि ९ यांचे तेच. त्यापेक्षा भरीव गोल, त्रिकोण, आडवी रेघ, टिंब बरे. गडद रंगाला भरीव खूण आणि फिक्याला पोकळ, एवढे पाळले की कागदावरही मोर मोरासारखा दिसतो. शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन हिरव्यांना मात्र अगदी वेगळ्या खुणा द्याव्यात. खुणांची यादी त्याच पानावर असावी. नमुना दोन पानांवर गेला, तर पहिल्याच्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्यावर फिक्या करून पुन्हा घ्याव्यात.

आत्याबाईंनी भरून झालेल्या घरांवर पेन्सिलीने तिरपी रेघ मारत पहिल्या दुपारी मान आणि तुरा उतरवला. एकदाही उसवले नाही. मग म्हणाल्या, “आता खाली दोघांची नावेही घाल की!”

देवनागरी नावे घालताना शिरोरेखा एका ओळीत सलग घ्यावी आणि अक्षराला तिच्याखाली निदान ७ घरे द्यावीत. उकारासाठी त्याखाली आणखी ३ सोडावीत. वेलांटीला शिरोरेखेवर ३ घरे तरी हवीतच. दोनच दिली, तर पहिली की दुसरी ते कळत नाही, आणि नवऱ्यामुलाचे नाव रुखवतात चुकीचे लागते.