दादाची गाडी, दादाचा बोनस

सव्वीस जानेवारीला सकाळी सोसायटीचं झेंडावंदन आटोपलं आणि पुढच्या पाच मिनिटांत मी पार्किंगमधल्या खांबाला गाडी ठोकली. सगळी मंडळी खाली जमलेली, हातात जिलबीच्या प्लेट्स, आणि माझ्या गाडीचा डावा हेडलॅम्प फरशीवर. इतका अटेन्टिव्ह ऑडियन्स मला कॉलेजच्या एकांकिकेतही मिळाला नव्हता.

"काही नाही हो काकू, इन्शुरन्स आहे ना," मी तोऱ्यात सांगून टाकलं.

इन्शुरन्स होताही. पण दादाच्या नावावर.

तर झालं असं की, ही गाडी माझ्या आतेभावाची. २०१८ची स्विफ्ट, ११९७ सीसी, एका हाताने आणि फार जपून चालवलेली. नोव्हेंबरात त्याने नवी एसयूव्ही घेतली आणि जुनी मला घरच्या रेटने दिली. फॉर्म २९, फॉर्म ३०, आरटीओच्या फेऱ्या हे सगळं मी मन लावून केलं. डिसेंबरअखेर आरसीवर माझं नाव आलं, मी पेढे वाटले. पॉलिसी मार्चपर्यंत चालू होती. ती गाडीबरोबर आलीच, डिक्कीतल्या स्टेपनीसारखी, असं मी धरून चालले.

कंपनीच्या माणसाने आरसी पाहिली, पॉलिसी पाहिली, दोन्हींवरची नावं पाहिली. दोन दिवसांनी अत्यंत नम्र भाषेत नकार आला. मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्ट १९८८, कलम १५७. गाडीची मालकी बदलली की नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याला मिळणारी भरपाई, गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज, तसं जात नाही. खांबाला काही झालं असतं तर त्याची सोय होती. हेडलॅम्पची नव्हती.

बिल २८,४०० रुपये. फ्रीलान्सरच्या हिशोबात सात लेख, तेही चेक वेळेवर आले तर!

(मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला बारीक टाइप कसा वाचायचा हे सोडून सगळं शिकवलं. आणि खरं सांगायचं तर क्लेम मंजूर झाला असता तरी पूर्ण पैसे मिळाले नसतेच. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असली की धातूच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापतात, आणि बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टवर गाडी नवी असो की जुनी, ५० टक्के. तो टाळायचा तर झिरो डेप्रिसिएशनचा अ‍ॅड-ऑन लागतो आणि माझ्या गाडीच्या वयाला तो द्यायला कंपन्या खूश नसतात.)

मार्च आला. आता पॉलिसी माझी, माझ्या नावाची, आणि पहिल्यांदाच माझ्या पैशांनी. मनात एक भीती होती. लीड्सला शिकणारी माझी मैत्रीण सांगते, तिकडे पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला इन्शुरन्सचा कोट बघूनच घाम फुटतो. वय कमी म्हणून प्रीमियम जास्त. काही जण तर गाडीत ब्लॅक बॉक्स बसवून घेतात, म्हणजे ब्रेक किती जोरात मारला हेसुद्धा कंपनीला कळतं. मला वाटलं, आपलंही तसंच. वय अठ्ठावीस, धंदा फ्रीलान्सिंग, आणि इतिहासात एक खांब.

पण आपल्याकडचं गणित वेगळं आहे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो, तुमच्या वयावर नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. ह्यात घासाघीस नाही. कुणी 'थर्ड पार्टीवर डिस्काउंट देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निघा. ओन डॅमेजचे दर मात्र २००७ पासून मोकळे झाले, तिथे प्रत्येक कंपनीची आपली दुकानदारी. तिथेही मुख्य जोर गाडीचं मॉडेल, तिचं वय, रजिस्ट्रेशनचं शहर आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ह्यांवर असतो. आणि एका तीन अक्षरी गोष्टीवर. एनसीबी. नो क्लेम बोनस.

क्लेम न करता एक वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. दादाचे पन्नास झाले होते.

मी एका कम्पेअर करणाऱ्या पोर्टलवर बसले. नंबर टाकला, गाडी आपोआप आली. प्रश्न आला, 'गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?' नाही. शब्दशः खरं उत्तर! मागितला होता, मिळाला नव्हता. खाली आपोआप ५० टक्के एनसीबी लागला आणि आकडा आला ७,९६० रुपये. मी कार्ड काढलंच होतं. तेवढ्यात वर एक छोटा चौकोन दिसला, 'गेल्या वर्षभरात मालकी बदलली आहे का?' त्यावर टिक केली आणि तोच आकडा ११,५०० झाला.

साडेतीन हजारांचा एक चौकोन. टिक काढली. परत केली. परत काढली. मी हे कुणाला सांगणार नव्हते, पण आता सांगितलंच.

मग बाबांच्या ओळखीचे एजंटकाका घरी आले. चहा, बिस्किटं, आणि पाठीवर प्रेमाने थाप. "हे बघ बाळा, पोर्टल-बिर्टल सोड. मी तुला ६,४७० मध्ये बसवून देतो."

कसं काय काका? काका हिशोब सांगेनात. शेवटी मी कोटचा कागदच मागून घेतला आणि पेन घेऊन बसले. २८,४०० भरल्यापासून मला ही सवय लागली आहे. पहिली गोष्ट, गाडीची आयडीव्ही ३ लाख ६० हजारांवरून २ लाख ६० हजारांवर आणलेली. प्रीमियम कमी, पण उद्या गाडी चोरीला गेली तर एक लाखही कमी. दुसरी, टीपीपीडी. हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या मालमत्तेचं, म्हणजे भिंत, दुकान, समोरची चकचकीत जर्मन गाडी, ह्यांचं नुकसान झालं तर साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. शंभर रुपये वाचवायला ते सहा हजारांवर आणता येतं. काकांनी आणलं होतं. सहा हजारांत त्या जर्मन गाडीचा आरसा तरी येतो का?

आणि तिसरी, ५० टक्के एनसीबी.

"काका, तो दादाचा आहे ना?"

"अगं, गाडी तीच ना? कोण विचारतंय!"

इथे मी थांबले, कारण विचारणारी माणसं असतात हे मी नुकतंच पाहिलं होतं. एनसीबी गाडीचा नसतोच, तो माणसाचा असतो. जुना मालक तो आपल्या पुढच्या गाडीवर नेऊ शकतो, विकत घेणाऱ्याला मिळत नाही. क्लेमच्या वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेऊ शकते आणि एनसीबी खोटा सांगितल्याचं निघालं तर ओन डॅमेजचे सगळे फायदे जातात. म्हणजे साडेतीन हजार वाचवून वर्षभर पुन्हा दुसऱ्याच्या नावाच्या गाडीत बसल्यासारखंच.

तरीही मी दादाला फोन केला. म्हटलं, बघू या. "दादा, तुझा एनसीबी तू काय केलास?"

"नव्या गाडीवर लावला ना. शोरूमवाल्याने पत्र आणायला लावलं होतं. दहा-बारा हजार वाचले. का गं?"

काही नाही, म्हटलं. एकाच बोनसवर दोन गाड्या चालवायचा बेत होता.

काका जरा नाराज होऊन गेले. बाबा अजूनही म्हणतात, एवढं तोंडावर विचारायला नको होतं.

मग स्वस्त काहीच मिळालं नाही का? मिळालं, पण ते शोधावं लागलं. ११,५०० मध्ये १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर धरलेलं होतं, साधारण ३३० रुपयांचं. गाडीच्या मालक-चालकाला ते सक्तीचं आहे, पण तेवढ्या रकमेची वेगळी अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी आधीच असेल तर पुन्हा घ्यावं लागत नाही. माझी होती, बाबांनी मागच्या वर्षी दटावून काढायला लावलेली. (थँक्यू बाबा. हे छापून आल्यावरच त्यांना कळेल.) दुसरी गोष्ट जास्त कामाची. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह'ला परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं, त्या स्लॅबप्रमाणे ओन डॅमेज. मी घरून काम करते, गाडी निघते ती इंटरव्ह्यूला, आईला घेऊन साताऱ्याला आणि कधीमधी रात्री बर्गर खायला. ओडोमीटर बघून हिशोब केला, खालच्या स्लॅबमध्ये आरामात बसले. ओन डॅमेज ६,००० वरून ४,७०० वर आलं. तुम्ही रोज कोथरूड ते हिंजवडी करत असाल तर ह्या वाटेला जाऊ नका, तो स्लॅब दिवाळीच्या आतच संपेल.

व्हॉलंटरी डिडक्टिबलचा पर्यायही होता. क्लेमच्या वेळी पहिले पाच हजार मी भरीन असं कबूल केलं की प्रीमियम थोडा उतरतो. मी नको म्हटलं. माझ्याकडे ऐन वेळी पाच हजार असतील ह्याची खात्री मीच देऊ शकत नाही, तर कंपनीला कुठून देऊ?

४,७०० अधिक ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी. ९,५७७ रुपये. आयडीव्ही पूर्ण, टीपीपीडी पूर्ण, एनसीबी शून्य, मालकी बदलल्याच्या चौकोनावर टिक. पैसे जुनी पॉलिसी संपायच्या तीन दिवस आधी भरले. मुदत चुकली की गाडीचं पुन्हा इन्स्पेक्शन करावं लागू शकतं, ९० दिवस उलटले तर असलेला एनसीबीही जातो आणि मधल्या काळात विनाविमा पकडलं तर पहिल्या खेपेला दोन हजारांचा दंड, तीन महिन्यांपर्यंत तुरुंगसुद्धा होऊ शकतो. तुरुंगातून कॉलम पाठवायची सोय ह्या मासिकांकडे… सॉरी, साप्ताहिकांकडे नसते.

नवीकोरी गाडी घेणाऱ्यांसाठी एक: १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. पण ओन डॅमेज दरवर्षी वेगळ्या कंपनीकडून घेता येतं, शोरूमवाला काहीही म्हणो.

परवा रात्री दादाचा फोन. आवाज पडलेला. नवी एसयूव्ही गेटला घासली.

"क्लेम टाकू का गं? तू आता एक्स्पर्ट आहेस."

"खर्च किती सांगितलाय?"

"साडेचार हजार."

"आणि बोनस दहा-बारा हजारांचा. क्लेम टाकलास तर पुढच्या वर्षी शून्यावर येशील. खिशातून भर."

तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "तुझा तो गॅरेजवाला कसा आहे?"

बरा आहे. बंपर बसवतो छान, फक्त कलर मॅच करायला दोन दिवस लावतो. नंबर पाठवलाय.