रक्त विकणारे गाव आणि बंद पाडलेली कादंबरी

गरिबांच्या नावाने चालणारे राज्य गरिबांच्याच रक्ताचा बाजार मांडू शकते काय? चीनच्या हेनान प्रांतात १९९०च्या दशकात हेच घडले. शेतकऱ्यांच्या रक्तातून प्लाझ्मा काढून घेत आणि उरलेल्या तांबड्या पेशी अनेकांच्या एकत्र मिसळून पुन्हा त्यांच्याच शरीरात सोडत. माणूस लवकर परत रक्त द्यायला यावा, हा त्यामागचा हिशेब. त्या मिसळलेल्या रक्तातून एड्स गावोगाव पोहोचला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. त्याआधी रक्तपेढ्यांच्या दारात कोण उभे असत, हे वाचकांना सांगायला नको.

याच हेनानमधल्या गरीब शेतकरी घरात १९५८ साली कादंबरीकार यान लियान्के जन्मले. १९७८ साली ते सैन्यात गेले आणि सैन्यातच लेखक झाले. २००४ साली त्यांनी अपंगांच्या एका गावाची कादंबरी लिहिली. तालुक्याचा अधिकारी लेनिनचे शव विकत आणून पर्यटक खेचू पाहतो आणि त्यासाठी या अपंगांच्या कसरतींचे खेळ लावतो! या पुस्तकानंतर त्यांना सैन्य सोडावे लागले. माओच्या 'जनतेची सेवा करा' या घोषणेचेच नाव दिलेल्या त्यांच्या पुढच्या कादंबरीवर २००५ साली बंदी आली.

मग २००६ साली आली 'डिंग गावाचे स्वप्न'. त्यासाठी ते एड्सग्रस्त गावात अनेकदा जाऊन राहिले. कथा सांगतो तो एक मेलेला मुलगा. त्याचा बाप रक्ताचा ठेकेदार, म्हणून गावकऱ्यांनी मुलाला विष घातलेले. पुढे हाच बाप सरकारने फुकट दिलेल्या शवपेट्याही विकून खातो. दलाल कोणत्याही झेंड्याखाली दलालच असतो, हे आमच्या बस्त्यांना नवे नाही.

बाबासाहेबांनी १९५६ साली काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हुकूमशाहीच्या मार्गावर बोट ठेवले होते. चीनकडे भक्तिभावाने पाहणाऱ्या आमच्या डाव्या मित्रांनी त्या भाषणाशेजारी ही कादंबरी ठेवून वाचावी, अशी आमची विनंती आहे.

परंतु आम्हाला अधिक छळते ती दुसरीच गोष्ट. पुस्तक छापले जावे म्हणून यान यांनी लिहितानाच स्वतःच्या हाताने काटछाट केली आणि नंतर त्याची खंत उघडपणे बोलून दाखवली. एवढे करूनही पुस्तकाची विक्री थांबवली गेलीच. त्या गावाला मदत देण्याचे प्रकाशकाने कबूल केले होते. तो मागे हटला, तेव्हा लेखक कोर्टात गेला. वकील म्हणून आम्हाला ही कृती कादंबरीइतकीच मोलाची वाटते.

पुढच्या 'चार ग्रंथ' या कादंबरीत मात्र यान यांनी कात्री हातात घेतली नाही. माओकाळातल्या महादुष्काळावरची ही कादंबरी चीनच्या मुख्य भूमीत कोणी छापली नाही. ती तैवान आणि हाँगकाँगमध्ये निघाली.