खोट्या दुकानातील शिकवणी

कापड पूर्वी विक्रीकरातून सुटलेले होते. 1 जुलै 2017 पासून त्यावर प्रथमच पाच टक्के जीएसटी लागला, तेव्हा सुरतच्या बाजाराने संप पुकारला. आपल्याकडचे व्यापारी बांधवही धास्तावले. संप मिटला, पाच टक्क्यांची सवय झाली. संगणकाची भीती मात्र राहिली.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. वही उजवीकडून लिहिण्याची हाताला सवय. (आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच लिहितात, हे घाबरल्यामुळे ध्यानातच आले नाही!) पडद्यावर सारे इंग्रजी. एक कळ चुकली तर नोटीस येईल, दंड बसेल, असे वाटे. म्हणून दोन वर्षे बिलांची पिशवी दरमहा बोईसरला अकाउंटंटकडे पाठवीत होतो. माझ्याच धंद्यात कोणाकडे किती येणे आहे, हे मला दुसऱ्याला विचारावे लागे.

अखेर बी.कॉम.ला असलेल्या मुलीने टॅलीमध्ये एक खोटे दुकान उघडून दिले. म्हणाली, "अब्बा, यातले काहीच सरकारकडे जात नाही. हव्या तेवढ्या चुका करा." मागील महिन्याची बिले मी त्यात चढवू लागलो. पहिल्या रात्री वीस मीटर सुटिंगचे दोनशे मीटर झाले, उधारी रोखीत गेली. कोणाचे काही बिघडले नाही. महिन्याभरात कळीवर बोट अडखळेनासे झाले.

आपल्या वाणगाव-चिंचणी पट्ट्यात दागिन्यांच्या डाय बनविणारे कारागीर आहेत. शिकाऊ पोराला ते पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या डायवर बसवतील काय? आधी टाकाऊ तुकड्यावरच हात बसू देतील. पण संगणकावर चालणारे कोरीव यंत्र समोर आले की हीच रीत आपण स्वतःला लावत नाही. पन्नाशीच्या माणसाला पोरांसमोर चुकायची लाज वाटते. मलाही वाटली.

मासिक विवरण भरणाऱ्यांनी सरावाला 20 तारखेच्या आदल्या रात्री मात्र बसू नये. त्या घाईत भीती दुप्पट होते.

पुढे खऱ्या वहीतही चूक झालीच. एका गिऱ्हाइकाचे बिल दुसऱ्याच्या जीएसटी नंबरवर चढले. त्याचा रागाचा फोन आला. पुढच्या महिन्याच्या विवरणात मीच दुरुस्ती केली, त्याला कराची वजावट मिळाली. पिशवी आता बोईसरला वर्षातून एकदाच जाते.