नाव नानांचे, हमी कोणाला?

मुंबई सेंट्रल स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने मंजूर केला. नानांची योग्यता निर्विवाद आहे. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, शिक्षणासाठी सढळ हाताने द्रव्य दिले आणि १८६२ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. परंतु केवळ खाजगी भांडवलाच्या साहसावर देश उभा राहतो, याचा दाखला म्हणून जे आज या धनिकाच्या चरित्राकडे बोट दाखवतात, त्यांनी त्या काळचा जमाखर्च तपासलेला नाही.

नाना ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे संचालक होते, तिच्या भांडवलावर १८४९ च्या करारान्वये पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. जमीनही फुकट होती. उत्पन्न अपुरे पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे प्रामुख्याने शेतसाऱ्यातून, भरून निघे. जोखीम रयतेची आणि नफा बहुतांशी इंग्लंडातील भागधारकांचा! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीमागचे अर्थकारण हे असे होते. कायदेमंडळातील सभासद सरकारनियुक्त होते. अंदाजपत्रकाला हात लावण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

आज लोकप्रतिनिधींना तो अधिकार आहे. तरीही बीडचा अनुभव काय सांगतो? अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मंजूर झाला. बीड शहरातून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि तेव्हाही परळीपर्यंतचा टप्पा अपुराच होता. दुसरीकडे, साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य सरकार थकहमी देत आले आहे. त्याच कारखान्यांचा ऊस तोडण्यासाठी बीडचे हजारो ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन दर हंगामात घरदार सोडतात. ती उचल फिटली नाही, तर तूट भरून काढणारी तिजोरी नसते. पुढच्या हंगामाच्या घामातूनच ती फेडावी लागते.

तेव्हा शासनाने हमी द्यावी की नाही, हा वाद खोटा आहे. हमी तेव्हाही होती, आजही आहे. ती भांडवलाला द्यायची की श्रमाला, हाच खरा प्रश्न होय. स्थानकाच्या नामफलकाला हार घालून तो सुटणार नाही. ऊसतोड कामगाराच्या मजुरीला कायद्याची हमी आणि परळीपर्यंतच्या रुळांना पुरेसा निधी, या दोन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगाव गेले पाहिजे.