सापडलं नाही म्हणजे नव्हतंच का?

इथल्या 'गार्डियन' या वर्तमानपत्राने २००९ साली एक छान गोष्ट केली. आपल्या लेखांचा साठा प्रोग्रॅमर मंडळींना खुला केला. नाव ठेवलं 'ओपन प्लॅटफॉर्म'. फुकट मिळणारी किल्ली घ्यायची, हवा तो शब्द पाठवायचा, जोडीला तारखा किंवा विभाग सांगायचा, की लेखांची यादी हजर! कसं वापरायचं याचं डॉक्युमेंटेशनही आहे. पण ते लिहिलं गेलं माणसांसाठी. यादी रिकामी आली की माणूस डोकं खाजवतो, स्पेलिंग बदलून बघतो, शेजारच्याला विचारतो.

आता वाचणारा बदललाय. हल्ली 'एआय एजंट' नावाचा प्रकार आहे. आपण प्रश्न विचारायचा आणि त्याने स्वतःच निरनिराळी टूल्स वापरून उत्तर आणायचं. कुठलं टूल कधी वापरायचं, शब्द कुठला पाठवायचा, हे तो मुख्यतः टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. २०२४ च्या नोव्हेंबरात 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची पद्धत आली. तिच्यातही टूलचं नाव, वर्णन आणि काय-काय पाठवायचं त्याचा तक्ता, हेच एजंटच्या हाती पडतं. आणि आमची इंजिनियर जमात त्या वर्णनात काय लिहिते? 'दिलेल्या शब्दावरून लेख शोधते.' संपलं!

माझं स्पष्ट मत असं की, टूल काय करतं याच्याइतकंच ते काय करू शकत नाही हे तिथे लिहायला हवं.

उदाहरण घ्या. गार्डियन निघाला १८२१ साली, पण हा खुला साठा मुख्यतः १९९९ पासूनचा. समजा, कुणी एजंटला विचारलं, '१९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा गार्डियनने बातमी दिली होती का?' एजंट 'पानशेत' शब्द पाठवणार, त्या सालचं काही मिळणार नाही, आणि तो ठणकावून सांगणार, 'दिली नव्हती.' अहो, तो जुना अंक कुणी उघडलाच नाही! शिवाय तेव्हा इंग्रजीत पुण्याला 'पूना' लिहायचे, हे निराळंच. दोन ओळींनी हे टळतं: '१९९९ च्या आधीचं इथे शोधू नये. काही मिळालं नाही तर या साठ्यात सापडलं नाही, एवढंच सांगावं.'

शब्दांवरून शोधण्याच्या शास्त्राचा बराचसा पाया इथेच, ब्रिटनमध्ये घातला गेला. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यावं, हे केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं. शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ शब्दापाशी आणायचे मार्टिन पोर्टर यांचे नियम १९८० चे, तेही केंब्रिजचेच. पण ते नियम इंग्रजीचे. आपल्याकडे 'देऊळ'चं 'देवळात' होतं, 'पाणी'चं 'पाण्याचा'. नुसता 'देऊळ' शोधलं तर 'देवळात' असलेला लेख हाती लागत नाही. त्यात १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. म्हणजे त्याआधीच्या मासिकात 'काही' शोधाल तर 'कांहीं' निसटणार!

कुणी म्हणेल, यंत्रं हुशार होताहेत, ही रूपं ती आपणहून ओळखतील. ओळखतीलही. पण कपाटात कुठल्या सालचे अंक आहेत, कुठले वाळवीने खाल्ले, स्कॅन करताना कुठली पानं पुसट आली, हे त्यांना कोण सांगणार? ते कपाट सांभाळणाऱ्यालाच ठाऊक असतं.

तिकडे आपल्या वाचनालयांतले जुने अंक स्कॅन होताहेत. आज ना उद्या त्यांच्यावरही असं शोधायचं टूल बसेल. मग एखादी मुलगी आपल्या गावच्या सत्याग्रहाबद्दल विचारेल आणि यंत्र म्हणेल, 'अशी नोंद नाही.' ती बिचारी दुसरीकडे कशाला बघेल? तिच्यापुरता तो सत्याग्रह झालाच नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोड खुशाल इंजिनियरने लिहावा. वर्णन लिहिताना मात्र ग्रंथपालाला शेजारी बसवावं. चांगला ग्रंथपाल कधी नुसतं 'नाही' म्हणत नाही. 'त्या सालचे अंक आमच्याकडे नाहीत, अमक्या वाचनालयात बघा,' असं सांगतो. तेवढं वाक्य त्या वर्णनात आलं पाहिजे. ते मराठी साठ्यासाठी इथला कुणी इंग्रज लिहून देणार नाही. ते तुम्हा-आम्हालाच लिहावं लागेल, आणि टूल सुरू व्हायच्या आधी.