संततिनियमनाची गोळी : कोणास मानवते, कोणास नाही

ओस गावच्या ऑर्गेनॉन कंपनीने १९६२ साली नेदरलंड्समध्ये संततिनियमनाची गोळी आणली. तेव्हापासून येथे ती नवलाई राहिलेली नाही. तरीही अ‍ॅमस्टेलव्हीनमधील आमच्या मराठी भगिनींच्या तोंडून आम्ही दोनच मते ऐकतो. कोणी म्हणते, गोळीने पुढे मूल होत नाही. कोणी म्हणते, शेजारणीला मानवली, मग मलाही मानवेल. दोन्ही चूक. गोळी बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. मळमळ, डोकेदुखी, मध्येच डाग दिसणे हे त्रास बहुधा दोन-तीन महिन्यांत ओसरतात.

खरी चिंता शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना ती होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, आणि डेसोजेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२. आकडे लहानच आहेत, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका गोळीहूनही अधिक असतो, हे विसरू नये. परंतु धोका सर्वांना सारखा नसतो. येथून जवळच असलेल्या लायडन शहरातील संशोधकांनी १९९४ साली रक्त गोठण्यातील एक आनुवंशिक दोष शोधून काढला. शहराचेच नाव त्यास मिळाले. तो दोष असून गोळीही घेणाऱ्या स्त्रीचा धोका तीस पटींहून अधिक वाढतो, असे त्यांनी दाखवून दिले. युरोपियनांत हा दोष शंभरात सुमारे पाच जणांत आढळतो, भारतीयांत विरळा. म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? नव्हे, असे इतरही आनुवंशिक दोष आहेत आणि ते आपल्यातही असतात.

येथील घरचा डॉक्टर, ज्यास डच भाषेत हाउसआर्ट्स म्हणतात, मुलीस विचारतो की आई-बहिणींपैकी कोणास गुठळी झाली होती काय. मुलगी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण तिला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या घरांत ही गोष्ट त्या नावाने बोललीच जात नाही. मावशीचा पाय बाळंतपणात सुजला होता, आत्या एकाएकी धाप लागून गेली, बाळंतरोग झाला होता, एवढेच दबक्या आवाजात बोलले जाते, तेही मुली खोलीबाहेर गेल्यावर. मातांनो, ही लाज कशासाठी? लेकीस हे सारे सांगा, आणि तिने ते डॉक्टरास जसेच्या तसे सांगावे.

पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, रक्तदाब वाढलेली, डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठणारी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर विकार असलेली स्त्री, हिने संयुक्त गोळी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या नव्या बाळंतिणीनेही डॉक्टरास दुसरा उपाय विचारावा. क्षयावरील रिफाम्पिसिन चालू असता गोळीचा गुण कमी होतो, हेही ध्यानात असावे.

आणखी एक. सुट्टीत मुंबईस गेले की गोळी बंद, परतल्यावर पुन्हा सुरू, असे काहीजणी करतात. महिनाभराच्या खंडानंतर गोळी पुन्हा सुरू केली की गुठळीचा धोका आरंभीच्या महिन्यांसारखा वाढतो. त्यात विमानात आठ-नऊ तास एका जागी बसणे आलेच. एकाच पायास सूज, पोटरीत कळ, किंवा अकस्मात धाप लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरास फोन करावा.